रेवडीचा दोर

घोडा नाचवणारे सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पैशाला पासरी मिळतात. ढोल वाजला की त्याला पाय आपटायला लावायचे, मिशीला पीळ द्यायचा, झालं. पण बांधलेला घोडा गप उभा करून दाखवा म्हणावं! तिथे भल्याभल्यांची बोबडी वळते. घोड्याची जात मुळात भित्री. पत्रा वाजला, नुसती प्लास्टिकची पिशवी उडत आली, तरी तो मागे हिसका देणार. हिसक्याने मानेला कळ लागते, कळ लागली की तो आणखी घाबरतो आणि आणखी जोरात मागे ओढतो. मग दोर तुटतो, खुंटा उपटतो, नाहीतर घोड्याची मान तरी मोडते. प्रकाशा या तीर्थाजवळच्या एका तापीकाठच्या गावातला धुडकू हे उभं राहणं शिकवायचा. गेली चाळीस वर्षं तो हेच करत आला होता.

त्याच्या दारात कडुनिंबाचं जुनं झाड होतं. त्याच्या जाड फांदीला, घोड्याच्या पाठीपेक्षा उंचावर, तो दोर बांधायचा. दोर हातभरच मोकळा. जास्त मोकळा ठेवला की घोड्याचा पाय त्यात अडकतो, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, कुणी विचारलेलं नसलं तरी. गाठ अशी, की एक टोक ओढलं की सुटलीच पाहिजे. आणि पहिले कित्येक दिवस दोर साधा नाही. जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा मधे घालून, वरून सुती चिंध्यांची वीण घालून तो स्वतः वळायचा. घोड्याने ओढलं की असा दोर थोडा लांबतो आणि मग घोड्याला हळूच पुढे आणतो. मानेला कळ लागत नाही. ओढून उपयोग नाही आणि भिण्याचंही कारण नाही, हे जनावराच्या डोक्यात आपोआप बसतं. धुडकू तोवर समोर बसून शेंगा फोडत राहायचा. बांधून उठून जायचं नाही, हा त्याचा नियम. दोनेक महिने असे गेले की साधा दोर लावायचा. साध्या दोरावर महिनाभर घोडा उभा राहिला, तरच तो म्हणायचा, शिकला.

आणखी एक रीत होती, ती त्याच्या एकट्याची नव्हे, सगळ्या मुलखाची. जनावर विकलं तरी त्याचा दोर विकायचा नाही. सौदा झाला की घेणारा आपला नवा दोर लावतो, विकणारा आपला जुना काढून घरी आणतो. दोराबरोबर घरची लक्ष्मी जाते म्हणतात. धुडकूच्या ओसरीत खुंट्यांवर अशा दोरांची रांगच होती. त्याची बायको सुपडाबाई दसऱ्याला त्यांना हळदकुंकू लावायची. एका वर्षी धुडकू दोर आणायला विसरला, आणि पंधरा दिवसांत गोठ्यातली म्हैस गेली. म्हैस म्हातारी होती, तिला जायचंच होतं. पण सुपडाबाईला हे सांगायची कुणाची छाती? तेव्हापासून तो बाजाराला निघाला की ती दारात उभी राहून बजावायची, "दोर घरमा आनजो बरं!"

मागच्या साली धुडकूकडे रेवडी होती. तीन वर्षांची, तांबूस, गरीब डोळ्यांची घोडी. कार्तिकात धुडकू तापाने आडवा पडला आणि तिचं शिक्षण मागे राहिलं. दत्तजयंतीचा बाजार आला तेव्हा ती जेमतेम महिनाभर ट्यूबच्या दोरावर उभी राहिलेली. साध्या दोरावर एक दिवससुद्धा नाही. शहाण्या माणसाने तिला घरी ठेवली असती. पण धुडकूचा पाय घरी ठरेना. बाजारात लोक विचारणार, धुडकू, यंदा काय आणलं? रिकाम्या हाताने तिथे हिंडायचं म्हणजे त्याच्या जिवावर येणारं काम. गेला घेऊन.

आणि रेवडी उभी राहिली! बाजूला जनरेटर धडधडतोय, ढोलवाले जीव खाऊन बडवताहेत, पोरं शिट्ट्या मारताहेत, आणि ही कान हलवत उभी. दोनदा तिने मागे ओढून पाहिलं. दोर लांबला, तिला परत घेऊन आला. बघणाऱ्यांना काही कळलंसुद्धा नाही. धुडकूला तेवढं कळलं.

घ्यायला आला तो नवलसिंग. तोरणमाळच्या घाटाखालच्या एका पाड्यावरचा पावरा आदिवासी गडी, तिशीतला, हसरा. त्याच्या पाड्याला रस्ता नव्हता. रेशनची पोती, दुकानाचा माल, सगळं डोक्यावरून न्यावं लागायचं. घोडी असली तर ते काम त्याचं झालं असतं, आणि बायकोला घेऊन दर साली ऊसतोडीला गुजरातेत जाणं थांबलं असतं. ही सगळी हकीकत त्याने धुडकूला अर्ध्या तासात सांगून टाकली. सौदा झाला. नवलसिंगने पिशवीतून निळा, कोरा, कडक नायलॉनचा दोर काढला.

धुडकूने रेवडीच्या तोंडावरच्या म्होरकीतून आपला दोर सोडवला. तिथे, त्या क्षणी, त्याने तोंड उघडलं होतं. "नवलसिंग, एक सांगायचं राहिलं," एवढं तो बोललाही असता. ही घोडी अजून कच्ची आहे, या दोरामुळे उभी राहते, तुझ्या दोरावर दोन महिने जप, एवढंच सांगायचं होतं. पण गर्दीतला एक जुना दलाल ओरडला, "अरे, धुडकूचा हात लागला म्हणजे घोडी नाही, खांब होतो खांब!" लोक हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. आणि धुडकूने तोंड मिटलं. दोर खांद्यावर टाकला आणि चहाला गेला. सुपडाबाईने तो दोर खुंटीला टांगला, तेव्हाही त्याला वाटलं, येईल कधी खाली तर सांगू. अशा वाटण्याला काय जाळायचंय?

पौषात नवलसिंग आला, पण हसरा नवलसिंग नव्हे. ओसरीच्या पायरीवरच बसला, पाणीसुद्धा नको म्हणाला. पहाडातल्या माणसांच्या बोलण्यात लहान-मोठं नसतं, सगळ्यांना तू. तो म्हणाला, "धुडकू भाऊ, कोकिळाची दोन बोटं गेली."

कोकिळा म्हणजे त्याची बायको. झालं असं, की तिने रेवडीला घराच्या खांबाला बांधलं होतं, पोती चढवायला. वाऱ्याने शेजारचा पत्रा खाली आला. रेवडीने मागे हिसका दिला. निळा दोर काही लांबला नाही. घोडी वेडीपिशी झाली, म्होरकी मानेत रुतली, खांब हलला. कोकिळा गाठ सोडवायला धावली, आणि तिची बोटं दोराच्या फाशात असतानाच घोडीने दुसरा हिसका दिला. उजव्या हाताची, अंगठ्याजवळची दोन. दवाखान्यात जखम शिवली, पण बोटं काही जागेवर यायची नव्हती.

"चूक आमचीच," नवलसिंग मान खाली घालून म्हणाला. "तुझी घोडी तर खांबासारखी उभी होती, मी पाहिली ना डोळ्यांनी. आम्हीच काहीतरी वाकडं बांधलं. तू विकताना सांगितलं असशील कसं बांधायचं ते. मी त्या दिवशी थोडी घेतली होती. ऐकलं नसेल मी. सांगितलं होतंस ना, भाऊ?"

धुडकूच्या डोक्यावर, बरोबर डोक्यावर, तो दोर टांगलेला होता.

"हं," धुडकू म्हणाला.

एवढंच. 'हो' म्हणायचीही हिंमत झाली नाही, 'नाही' म्हणायची तर नाहीच नाही. नुसतं हं. नवलसिंगने मान हलवली, जणू त्याला माहीतच होतं. घोडीला शिकवायला एकदा वर ये म्हणाला, आता घरात कुणी तिच्या जवळ जात नाही म्हणाला, आणि निघून गेला.

त्यानंतर चार दिवस धुडकूचं कशात म्हणून लक्ष लागेना. भाकरी चिवडायचा नि ताट सरकवून द्यायचा. शेंगा फोडायला बसला की बोटांकडे बघत राहायचा. मोजून पाहायचा लेकाचा, जसं काही एखादं कमी भरणार होतं. त्याला स्वतःचा राग येत होता, आणि त्याहून जास्त त्या 'हं'चा. दोर आणला, तो रीतीपायी, सुपडाबाईच्या बजावण्यापायी, असं तो मनाला सांगून बघायचा. पण मन काही खुळं नव्हतं. रीत दोर घरी आणायला सांगते. बोलू नको असं रीत कुठे सांगते? बोलला नाही तो लोक वाहवा करत होते म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं.

पाचव्या दिवशी सुपडाबाई ताट उचलता उचलता थांबली. "काय व्हयनं तुमले?"

त्याने सांगितलं. पहिल्यापासून, दलालाच्या त्या ओरडण्यासकट. शेवटी म्हणाला, "दोर तिकडेच सोडता उना नही. तूच सांगं व्हतं ना."

सुपडाबाईने ताट जमिनीवर आदळलं. "दोर आनाले मी सांगं. तोंड शिवी लेवाले कोनी सांगं तुमले?"

ती उठली, खुंटीवरचा रेवडीचा दोर काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला. म्हैस मेल्यापासून जी बाई दोरासाठी जीव टाकायची, तिने स्वतःच्या हाताने. "जाय," म्हणाली, "आन् तिले सांगीसन ये."

गुरुवारी तो शहाद्याहून तोरणमाळची एस.टी. धरून राणीपूरच्या पुढे उतरला आणि पाऊण तास चालून पाड्यावर पोहोचला. सांगायचंच म्हणून गेला होता. पण अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच नवलसिंगने खाट टाकली, त्याच्या म्हातारीने काळा चहा दिला, शेजारचे दोघे 'घोड्याचा मास्तर आला' म्हणून बघायला जमले. कोकिळा बाहेर आली. पंचविशीची, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, शाळेतली स्वच्छ मराठी बोलणारी. हाताला पांढरी पट्टी. तिने त्याला डाव्या हाताने नमस्कार केला.

तोंड चालेना म्हणून त्याने हात चालवले. रेवडी घरामागे चारी पाय जखडून ठेवलेली, मानेवर घासून कातडी गेलेली. त्याला बघून ती नाकातून फुरफुरली, ते ऐकून त्याला आणखी शरमल्यासारखं झालं. तिचे पाय सोडले, मोहाच्या जाड फांदीला उंचावर ट्यूबचा दोर बांधला आणि समोर बसला. हा दोर त्याने एवढ्या लांबून का आणला, हे कुणी विचारलं नाही. मास्तरची वस्तू म्हणून सगळ्यांनी आदराने बघितलं.

पुढचे तीन आठवडे दर गुरुवारी तो वर जायचा आणि शनिवारी खाली उतरायचा. मधल्या दिवसांत काय करायचं ते कोकिळाला दाखवून जायचा. बाई जिद्दीची. घोडीला भीत होती, पण भीत भीत रोज जवळ जायची. सुटी गाठ तिला येत नव्हती. उजव्या हाताची जी बोटं त्या गाठीला लागतात, तीच नेमकी नव्हती. मग डावा हात आणि उजव्याची उरलेली बोटं असं जमवत बसायची. गाठ सैल व्हायची, निसटायची. ती पुन्हा बांधायची. धुडकू बघायचा आणि त्याला तिथून उठून जावंसं वाटायचं, पण बांधून उठून जायचं नाही, हा त्याचाच नियम होता. दुपारी म्हातारी त्याच्या भाकरीवर सगळ्यांच्या आधी उडदाची डाळ वाढायची.

चौथ्या गुरुवारी नवलसिंग शेताकडे गेला होता. रेवडी मोहाखाली शांत उभी होती. कोकिळाने गाठ बांधली, सोडली, परत बांधली, आणि मधेच थांबून म्हणाली, "बाबा, एक विचारू? त्या दिवशी माझं कुठे चुकलं? मी रोज आठवून बघते. बोट वरून घातलं की खालून? आधी टोक ओढायला हवं होतं का? तू शिकवणारा आहेस, तुला कळेल. मला एकदा सांग, म्हणजे डोक्यातून जाईल."

आता मात्र धुडकूला राहवलं नाही.

"तुझं कुठंच चुकलं नाही, बाई. घोडी शिकलीच नव्हती. साध्या दोरावर कधी उभीच राहिली नव्हती. हा बघ, या दोरात रबर आहे, याच्यामुळे ती बाजारात उभी राहिली. मला माहीत होतं."

"कधीपासून माहीत होतं?"

"विकताना."

कोकिळा वळली, अंगणातल्या कोंबड्या कुणालाही त्रास देत नव्हत्या तरी त्यांना हाकललं, घरात गेली, परत बाहेर आली.

"नवलला सांगितलंस?"

"त्याने विचारलं होतं, तू सांगितलं होतंस ना म्हणून. मी हं म्हणालो."

"हं म्हणालास." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा, तो पाड्यावर घरोघरी सांगत हिंडतो, मास्तरने सांगितलं होतं, मीच प्यालेला होतो, माझ्यामुळे हिची बोटं गेली. तेव्हापासून त्याने दारूला हात लावला नाही. ते बरंच झालं म्हण. पण तो माझ्या हाताकडे बघत नाही. मी भाकरी वाढली की मान खाली घालतो. माझी बोटं गेली ती गेली. माझा नवरा का घेऊन गेलास तू? जा, आधी त्याला सांग. इथे बसू नको."

धुडकू शेताकडे गेला. नवलसिंग बांध घालत होता. धुडकूने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. नवलसिंगच्या हातात कुदळ होती. आता ही आपल्या डोक्यात बसली तर बसो, असं धुडकूला खरोखर वाटलं, नव्हे, बसावी असंच वाटलं.

नवलसिंगने कुदळ खाली ठेवली आणि बांधावर बसला. "म्हणजे तू सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे मी नाही? माझ्यामुळे नाही?"

"तुझ्यामुळे नाही रे. माझ्यामुळे."

एवढा मोठा गडी, पण गुडघ्यात तोंड घालून लहान मुलासारखा रडला. धुडकू जवळ उभा राहिला. पाठीवर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण तो हात आता आपण कोणत्या तोंडाने ठेवायचा, ते त्याला कळेना. नवलसिंग डोळे पुसून उठला आणि घराकडे चालू लागला. धुडकू मागे मागे गेला. अंगणात नवलसिंग कोकिळासमोर बसला, तिचा उजवा हात दोन्ही हातांत धरला आणि पहिल्यांदाच नीट बघितला. धुडकूने तोंड फिरवलं.

त्यानंतर त्याला खाट टाकली गेली नाही. चहा मिळायचा, भाकरी मिळायची, सगळ्यांच्या शेवटी. कोकिळा एवढंच म्हणाली, "आता बोललास. आता अर्धवट सोडू नको, पुरं शिकव." त्याने शिकवलं. ट्यूबचा दोर काढून साधा दोर लावला, तोच निळा. रेवडीने पहिल्या दिवशी ओढलं, दुसऱ्या दिवशी कमी ओढलं, होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजाराचे ढोल पाड्यावर वाजू लागले तेव्हा कान टवकारून बघत उभी राहिली. पाय हलला नाही तिचा. कोकिळाने दोराचं टोक डाव्या हाताने ओढलं, गाठ सुटली. आपल्या घोडीला ती पाठीवर पोती घालून वाटेवर घेऊन गेली आणि तासाभराने रिकामी परत आली.

त्या शनिवारी धुडकू निघाला. ट्यूबचा दोर तिथेच मोहाच्या बुंध्याला अडकवलेला होता. तो त्याने मुद्दाम तिथे ठेवला होता. निदान एवढं तरी इथे राहू दे. कोकिळाने पाहिलं. दोर काढला, गुंडाळला, आणि त्याच्यासमोर धरला. अंगठा आणि दोन बोटं, एवढ्यांत धरला.

"हा घेऊन जा."

"राहू दे बाई. तुझ्या कामाला येईल. लक्ष्मी राहते म्हणतात दोरात."

"म्हणूनच म्हणते, घेऊन जा," ती म्हणाली. "विकलेल्या जनावराचा दोर घरी न्यायची रीत आहे ना तुमची? तेव्हा नेलास, आताही ने. आमच्या घरात नको."

शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर धुडकूने पायावर डोकं ठेवलं असतं. तिने तसं काही केलं नाही. दोर दिला आणि रेवडीला पाणी दाखवायला गेली.

एस.टी.त तो दोर मांडीवर घेऊन बसला. घरी पोचला तेव्हा सुपडाबाई दारातच होती. दोर बघून तिला सगळं समजलं असावं, कारण तिने तो नेहमीसारखा हातातून घेतला नाही. "तुम्हीच टांगा," म्हणाली. त्याने टांगला, त्याच खुंटीला.

दसऱ्याला ती हळदकुंकवाचं ताट घेऊन एकेका दोरापाशी गेली. रेवडीच्या दोराशी आली तशी थांबली आणि नवऱ्याकडे वळून बघितलं.

"त्याले नको," धुडकू म्हणाला.

ती पुढच्या खुंटीकडे गेली. धुडकू आजही घोडे शिकवतो. कुणी घ्यायला आलं, की त्याला आधी त्या दोराखाली बसवतो, घोडा काय काय शिकलेला नाही ते सांगतो, आणि सांगून झालं की, तो माणूस थांबो की निघून जावो, आपली बोटं मोजतो.